खुर्चीच्या पायांमधली जागा

प्रिय मोजपट्टी,

माझं सगळं बदललं ते एका मंगळवारी, तिसऱ्या तासाला. तुझी माझी ओळख झाली तेव्हा, असं तू म्हणशील. तसं नाही. माझ्या वर्गातल्या, मागच्या बाकावरच्या चष्मेवाल्या मुलीने रडत रडत पाचव्यांदा कागदावरची खुर्ची खोडली, तेव्हा.

तुझ्या प्रबंधाच्या प्रयोगाला शाळेतले दोन वर्ग होते, आठवतंय ना? एकाला तू नव्या पद्धतीने शिकवायचीस: खुर्ची काढायचीच नाही, तिच्या पायांमधली रिकामी जागा काढायची. दुसऱ्याला मी जुन्या पद्धतीने: मी फळ्यावर काढायचं, मुलांनी उतरवायचं. सहा आठवड्यांनी दोन्ही वर्गांची चित्रं तपासायची. तू बजावलं होतंस, "माझी पद्धत तुझ्या वर्गाच्या कानावरसुद्धा जाता कामा नये, भडकू. तुझ्यावर सोडतेय." तू सोडलंस म्हणून मी हो म्हटलं. मला तेव्हा चित्रकलेत फारसा रस नव्हता, हे तुलाही ठाऊक होतं.

सध्या मी दुकानांच्या पाट्या रंगवतो. मालक म्हणतो, कॉलेज अर्धवट सोडलंस, निदान अक्षर तरी पुरं कर. पूर्वी अंगावर धावून गेलो असतो. हल्ली चिडायचाही कंटाळा येतो. ब्रश धुतो आणि पुढचं अक्षर घेतो.

निकालाच्या दिवशी दोन्ही वर्ग सारखेच निघाले. तुझा प्रबंध तपासणारे कॉलेजातले सर सगळ्यांसमोर म्हणाले, "काडीचा फरक पडलेला नाही, पोरी." तू पट्टी पुसून कंपासपेटीत ठेवलीस. मी स्टूल लाथाडलं, सरांना नाही नाही ते बोललो आणि कॉलेज सोडलं. लोक म्हणाले, पोरगं प्रेमात वाया गेलं. तूही तेच समजलीस. दोनदा समजूत घालायला आलीस आणि मी आत असून दार उघडलं नाही.

काल तुझा भाऊ दुकानात आला होता. म्हणाला, ताईने प्रबंध गुंडाळला, आता तीही फळ्यावरून उतरवायला शिकवते. तेव्हापासून हातात ब्रश धरवत नाही. तर ऐक. त्या मंगळवारी मी त्या मुलीच्या कानात म्हणालो, "खुर्ची सोड, मधल्या फटी काढ." आणि तिची खुर्ची कागदावर चारी पायांवर उभी राहिली. तिने शेजारणीला सांगितलं, शेजारणीने पुढच्या बाकाला. तीन आठवड्यांत माझा अख्खा वर्ग फटी काढत होता, आणि मी मूर्खासारखा खूश. फरक पडणार कुठून? दोन्ही वर्ग तुझेच होते. स्टूल लाथाडलं ते स्वतःवरच्या रागाने, आणि सांगितलं नाही ते तू पुन्हा बोलणार नाहीस या भीतीने. माझ्या वर्गाची सगळी चित्रं माझ्याकडे आहेत, मंगळवारच्या आधीची आणि नंतरची, तारखांसकट. ती घेऊन सरांकडे चाललोय. हे पत्र वाटेत पेटीत टाकीन. माझं तोंड पाहायचं नसेल तर पाहू नकोस, पण मुलांना पुन्हा फटी काढायला शिकव. चपला घातल्यात, गुंडाळी काखेत आहे. कुलूप सापडत नाही. राहू दे. दार नुसतंच ओढून घेतो.

अजूनही तुझाच,
भडकू