सुकेळ्यातली गोळी

गिरीज, १४ डिसेंबर १९५६

तीर्थस्वरूप विद्याधरमामांस,

गुरुदत्तचा साष्टांग नमस्कार. गुडघा कसा आहे? (मामी म्हणतात तो दुखतो, तुम्ही म्हणता मामी दुखवतात. मी मध्ये पडत नाही.) इकडे क्षेम आहे. वाडीतल्या केळी माझ्यापेक्षा बऱ्या आहेत.

माझ्या डोक्यात बोलणारा गृहस्थ तुम्हाला ठाऊकच आहे. चार वर्षं मुक्काम ठोकून आहे, पण एक शब्द कधी बरा बोलला नाही. वैद्यांच्या सर्पगंधेने मी झोपलो, तो जागाच राहिला. मग विजेचे झटके झाले. त्यात मी महिनाभर शेजारच्या बॅप्टिस्टचं नाव विसरलो (बिचारा माझ्यासाठीच नऊ दिवसांची नोव्हेना प्रार्थना करत होता), या डोक्यातल्या गृहस्थाला मात्र सगळं पाठ! शेवटी तुमच्या डॉक्टरांच्या नव्या गोळ्या आल्या. दादाने निक्षून सांगितलं, यांनीही उतार पडला नाही तर गुरुदत्तला कायमचं इस्पितळात ठेवायचं.

मी गोळ्या जिभेखाली लपवतो असा सौ. सावित्रीला संशय. (साफ खोटं. दोनदाच लपवल्या.) म्हणून तिने घरची केळी वाळवून केलेल्या सुकेळ्यांत त्या भरल्या आणि ती बरणी वेगळी ठेवली. त्याच रविवारी दादाच्या हंसाला पाहायला वटारची मंडळी आली आणि वहिनीने घाईत नेमकी तीच बरणी उघडली. मुलाचा बाप मानपानाचं बोलता बोलता ओटीवर आडवा झाला, मागोमाग मुलाचा काका, मग खुद्द नवरदेव. सावित्री पांढरीफटक पडून एकेकाचा श्वास बघत बसली. चारला उठून मुलाचा बाप म्हणतो, "गिरीजची हवा काय आहे हो! वर्षभरात असा झोपलो नव्हतो." मानपान विसरून सोयरीक पक्की करून गेले. तेव्हा औषधात दम आहे, माझ्या डोक्यातल्या पाहुण्यालाच तो पुरत नाही.

त्या आनंदात दादाने विचारलं, "आवाज गेला ना रे?" मी म्हटलं, गेला. सावित्रीने लगेच देवापुढे साखर ठेवली. मामा, मला तिच्याकडे बघवेना.

आपला,
गुरुदत्त

ता. क. गेलेला नाही. आत्ताही माझ्या अक्षराला नावं ठेवतो आहे. यापुढचं काही औषध निघालं आहे का, ते डॉक्टरांना गुपचूप विचारा. मला वाडी सोडून जायचं नाही. सावित्रीला कळू देऊ नका.

ता. क. सावित्रीचा नमस्कार. पत्र पोस्टात टाकायला माझ्याकडेच दिलं आहे. जेवताना यांचा घास हातातच राहतो आणि हे कुणाचं तरी ऐकत बसतात, ते मला रोज दिसतं. औषध मिळालं तर लवकर पाठवा, यांच्याच नावावर. मला यातलं काही माहीत नाही.