कुंपणापलीकडचा सौना

ती. आइलीताईस ओइवाचा नमस्कार.

तुझं पत्र आलं तेव्हा रानात ब्लूबेरी पिकल्या होत्या आणि उत्तर लिहितोय ते तळं गोठल्यावर. रागावू नकोस. आळस नव्हे, काळजी. (काळजी असली की माझं अक्षर वाकडं येतं, तुला ठाऊक आहे.) गोटेबोर्गला थंडी कशी आहे? गुडघे काय म्हणतात?

तर, आपल्या गावात स्कीची जागतिक शर्यत होणार आहे आणि तिची वाट बरोबर माझं घर आणि तळ्याकाठचा आपला वाफेच्या अंघोळीचा सौना यांच्या मधून जाते. दोन्हीकडून कुंपण. मग शनिवारी मी सौनात जायचं कसं? वडील गेले त्या शनिवारीसुद्धा आपला सौना तापला होता, ताई.

नगरपालिकेनं शाळेत सभा घेतली. कॉफी होती, वेलचीचे पाव होते. शेवटी विचारलं, कुणाची हरकत? आम्ही सगळे सभ्य माणसांसारखे गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी, गावाची एकमुखानं संमती! शेजारची हिल्का नुसती भडकली. म्हणाली, "सगळ्यात जास्त गप्प तर मी होते! तेवढंही कळू नये?"

मग पालिकेला चूक उमगली असावी. राउतिओ नावाचा तरणा अधिकारी घरोघर हिंडू लागला. मी म्हटलं, जे बोलायचं ते सौनात बोल, तिथे माणूस खोटं बोलत नाही. आला बिचारा. शहरी कातडी, बसला खालच्या, कमी वाफेच्या बाकावर. मी वरून तापलेल्या दगडांवर पाणी टाकत राहिलो. तो लालबुंद होऊन म्हणाला, "काका, कुंपणात तुमच्यासाठी दार ठेवतो. माझा शब्द." आणि धावत जाऊन बर्फात पडला.

आता कुंपण उभं राहिलंय आणि दार नाही. हिल्का म्हणते, "ओइवाभाऊ, एवढ्या वाफेत त्यानं तुम्हाला अख्खं तळंसुद्धा देऊ केलं असतं!" मला झोप नाही. खालच्या बाकावरून दिलेला शब्द धरतात का गं? आणि त्याला विचारू तरी कसा? सौनातल्या शब्दाबद्दल विचारणं म्हणजे त्याला तोंडावर लबाड म्हणणं. म्हणून खिडकीत बसतो आणि कुंपणाकडे बघतो. उद्या शनिवार.

तुझा धाकटा भाऊ,
ओइवा

ता.क. पाकीट बंद करणार तोच राउतिओ करवत घेऊन आला. स्वतःच्या हातानं दार केलं. जरा तिरकं आहे, पण उघडतं. सरकारी माणसाबद्दल मनात आणलं ते सगळं मागे घेतो. वरचं वाचू नकोस.

ता.ता.क. जाताना तो म्हणाला, "काका, मी माझा शब्द पाळला. आता तुमचा." मी त्या दिवशी वरच्या बाकावरून कबूल केलं होतं म्हणे, की शर्यतीच्या उद्घाटनाला सगळ्या गावासमोर उभा राहून मी चार शब्द बोलेन! गावाचा पालिकेवर विश्वास आहे, असे. ताई, आता विश्वास खरंच आहे, तीच तर पंचाईत. नाही म्हणायला तोंड नाही आणि बोलायलाही नाही. चार शब्द लिहून पाठव. तीन चालत असतील तर तीनच. पण उत्तर लगेच धाड, माझं अक्षर बघ, आत्तापासूनच वाकडं येतंय.