मधली रेघ ओलांडताना

अप्पा, गेल्या आठवड्यात कलबुर्गीच्या दवाखान्यात छातीचा फोटो काढायला गेलो होतो. मशीनपाशी बसलेली पोरगी म्हणाली, "काका, श्वास धरा." धरला. फोटो निघाला, तिनं "सोडा" म्हटलं, तरी मी तोंड मिटून तसाच उभा. तिनं काचेमागून डोकं बाहेर काढलं, "अहो, सोडा की, झालं." घरी आलो ते तुमची आठवण काढतच, आणि आज हे लिहायला बसलोय. तुम्हाला वाचता येत नव्हतं. माझी फौजेतली पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा, आणि मधेमधे पदरचंही घालायचा. हे त्याच्या हाती लागणार नाही, हे बरंय.

मंठाळला बौद्धवाड्यामागच्या पडीक वावरात तुम्ही मला कबड्डी शिकवली. दिवसभर सडकेच्या गँगवर खडी फोडून यायचात, चहा घ्यायचात आणि बांधावर बसायचात. मी या बांधापासून त्या बांधापर्यंत "कबड्डी कबड्डी" म्हणत पळायचं, एका दमात. रेघेपलीकडं श्वास घेतला की माणूस मेला, एवढंच तुमचं शास्त्र. "तुटला. परत ये." मी म्हणायचो, न्हाई तुटला अप्पा. "मला ऐकू आलं." संपला विषय. आई चुलीपुढून ओरडायची, "पोराला मारायलाव का काय?" तुम्ही तिकडं बघायचाही नाहीत.

आणि त्या साली जयंतीला शेजारच्या मेहकर गावच्या पोरांशी सामना होता. पंच तुम्हीच, कारण दोन्ही गावांचा तुमच्यावर भरवसा. शेवटची चढाई माझी. दोघांना शिवून मी परत फिरलो, रेघेला हात पोचला, आपला वाडा नाचायला लागला, आणि तुमची शिट्टी वाजली. "दम तुटला. बाद." दुसऱ्या कुणालाच ऐकू आलं नव्हतं. मेहकरचा म्होरक्यासुद्धा म्हणाला, "ऱ्हाऊ द्या मामा, पोरगं चांगलं खेळलं." तुम्ही ऐकलं नाहीत. आपण हरलो. आपलीच माणसं कितीतरी दिवस तुमच्याशी बोलत नव्हती. मी भाकरीवर रुसून बसलो, तर तुम्ही ताट पुढं सरकवलंत. "तू श्वास घेतलास का न्हाई?" घेतला होता, इवलासा. "मग रुसायलास कामून?" फार राग आला होता मला तुमचा. आत्ता लिहितानाही थोडा येतोय.

फौजेत माझी कबड्डी बघून एका साहेबानं मला रग्बीत घातलं. तुम्हाला सुट्टीत सांगितलं होतं, तरी परत सांगतो. चेंडू लांबुळका, सोललेल्या नारळासारखा. तो काखेत घेऊन समोरच्यांना चुकवत पळायचं आणि त्यांच्या शेवटच्या रेघेपलीकडं जमिनीला टेकवायचा. ते आपल्याला आडवं पाडणार. आमच्या प्रकारात एका बाजूला सातच गडी, कबड्डीसारखेच, म्हणून मला वाटलं आपलाच खेळ. पुढं देशाच्या संघात निवड झाली, परदेशात देशादेशांची स्पर्धा होती. तुम्ही बसवकल्याणच्या बस स्टँडवर ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना सांगत सुटला होतात, माझं पोरगं विमानात बसायलंय म्हणून.

आणि तिथं माझी गत काय झाली. अर्ध्या मैदानापर्यंत मी वारा. मधली रेघ ओलांडली की छाती आवळायची, डोळ्यांपुढं काजवे, आणि मागून येणारा कुणीही मला लोळवायचा. पहिल्या सामन्यात तेच, दुसऱ्यात तेच. आम्हाला खेळ शिकवणारे सुभेदार चिडून म्हणाले, "आधा मैदान पार करते ही मर जाता है तू. आज भी मरा, तो सीधा यूनिट वापस." माझ्या जागेवर यायला एकजण बूट बांधून तयारच बसला होता. माझ्या डोळ्यांपुढं सारखा तो बस स्टँड. अप्पाला लोक विचारतील, काय झालं हो तुमच्या विमानवाल्याचं?

शेवटचा सामना श्रीलंकेशी. पूर्वार्धात पुन्हा तसाच पडलो. मला उठवताना आमचा एक बंगाली गडी म्हणाला, "भाई, तू साँस क्यों नहीं लेता?" तेव्हा कुठं ध्यानात आलं. रेघेपलीकडं मी श्वासच घेत नव्हतो अप्पा. ओठ आवळून एका दमात पळत होतो, बांधापासून बांधापर्यंत, परदेशात.

कळलं म्हणून वळतंय थोडंच. उत्तरार्धात चेंडू माझ्याकडं येतो. मी निघतो. मधली रेघ पायाखालून जाते आणि छाती आपोआप कुलूप लावते. घे, घे म्हणतोय स्वतःला, आणि तोंड उघडत नाही. मागं पावलं वाजतायत. सुभेदार ओरडतायत. एक हात माझ्या सदऱ्याला लागतो, निसटतो. मी तोंड उघडतो आणि मोठ्यानं श्वास घेतो. लगेच कान टवकारतो, आता शिट्टी वाजणार, तुमची. वाजत नाही. दुसरा घेतो, तिसरा घेतो. रडत पळतोय मी. रेघेपलीकडं चेंडूवर आडवा पडलो तेव्हा नाकातोंडात गवत गेलेलं. सामना आम्ही हरलोच, पण मला संघातून कुणी काढलं नाही.

सुट्टीवर आल्यावर तुम्हाला हे सांगायला मला जड जात होतं. विमानातल्या जेवणाचं सांगून झालं, मग सांगितलं. तुम्ही बराच वेळ तंबाखू मळत राहिलात. "पलीकडं श्वास घेतलास?" व्हय अप्पा. "शिट्टी वाजली न्हाई?" न्हाई. "मग तसला खेळ असंल. त्यात घेत असतील." एवढंच बोललात आणि पाणी प्यायला उठलात. माझ्या मनावरचा धोंडा उतरला.

एक मात्र सांगायचं राहिलं, आणि ते आईलाही ठाऊक नाही. बिदरच्या दवाखान्यात त्या शेवटच्या दुपारी तुमचा श्वास अडकत होता, मी उशाशी होतो. तुम्ही थांबलात की मीही तोंड मिटायचो, तुम्ही घेतलात की मग मी. कामून, ते विचारू नका. शेवटी तुम्ही थांबलात, मीही थांबलो. डोळ्यांपुढं अंधारी आली तरी धरून ठेवला. मग नाही राहवलं. माझा तुटला अप्पा, तुमचा नाही. मोठ्यानं घेतला मी, सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल असा, आणि तरी तुमच्याकडंच बघत होतो, आता म्हणाल, मला ऐकू आलं.