खालून कापलेली फिल्म

७ मार्च, शनि., पिस्कॅटवे
लोरेनबाईंकडे जाऊन आलो. वय ब्याऐंशी, लायब्ररीतली ओळख. तरुणपणी त्यांनी काढलेली फिल्म पाहिली. पोर्तुगीजांच्या आफ्रिकन वसाहतीतून कॉफी येते आणि इथले, अमेरिकेतले काळे गोदी कामगार निषेध म्हणून ती जहाजावरून उतरवायला नकार देतात. त्यांत बाईंचे वडीलही. चाळीस मिनिटं. आमच्या मराठी मंडळात दाखवू, असा शब्द देऊन बसलो. सबटायटल्स मी करणार.

१० मार्च
मंडळाची मीटिंग, झूमवर. अध्यक्ष सुहास: "काका, पाडव्याला लोक श्रीखंड खायला येतात. आफ्रिका कुठे मधेच?" म्हटलं, गोव्यात होते तेच पोर्तुगीज. "मग गोव्याचंच दाखवा ना!"
कमिटीतली तेजश्री सरळ बोलली. "आम्ही व्हिसावर आहोत, काका. फोटो कुठे फिरतील, सांगता येत नाही." तिच्यावर चिडता येईना.
मिळाली वीस मिनिटं. जेवण आणि अंताक्षरीच्या मधे.

१५ मार्च
फिल्म कापली. बाईंना विचारायला हवं होतं, पण मुदत आजची. तीस वर्षं पेपरच्या डेस्कवर बातम्या खालून कापल्या. हात तसाच चालला. शेवटी नुसती नावं होती, श्रेयनामावली समजून आधी तीच उडवली. एकोणीस मिनिटं. वेळेत.

२१ मार्च, शनि.
पाडव्याचा कार्यक्रम. लोकांनी शांतपणे पाहिली, हे खरं. तेजश्रीनं विचारलं, "काका, पुढे त्या कामगारांचं काय झालं?" मला माहीत नव्हतं.
बाई पहिल्या रांगेत होत्या. म्हणाल्या, "नावं कुठे गेली? ज्यांच्या नोकऱ्या गेल्या, त्यांची. वडिलांचं नाव अकरावं होतं."
"वेळ कमी होता."
"आम्हाला नेहमी तेच सांगतात."
तोवर माइकवर अंताक्षरीच्या टीम पाडणं सुरू. बाई निघून गेल्या. मी उष्टं ताट हातात घेऊन…

२४ मार्च
सुहासला फोन. पूर्ण फिल्म दाखवू म्हटलं. "झाली ना एकदा! लोकांना आवडलीसुद्धा." याला काय सांगणार. त्याच्याहून माझाच राग जास्त येतो.
तेजश्रीचा मेसेज: तिच्या घरी, दहा-बारा जण, फोटो नाहीत, फिल्म पूर्ण. बाई येतील का?
बाई फोन उचलत नाहीत.

२६ मार्च
दारात जाऊन उभा राहिलो. माफी मागितली, तेजश्रीचा निरोप दिला. आत या म्हणाल्या नाहीत.
"त्या मुलीला सांगा, विचार करते."
बरं म्हणून वळलो.
"आणि मी आले, तर प्रोजेक्टरला तुम्ही हात लावायचा नाही."