दोनशे बारा डिस्क आणि एक प्रेक्षक

रविवार, २ ऑक्टोबर २०२२. सकाळ.
आजपासून रोज लिहायचं. मागच्या वहीतही हेच लिहिलंय, पण ती वही बारीक रेघांची होती.

एकतीस वर्षं आमच्या बिझर्त शहरातल्या थिएटरात प्रोजेक्टर चालवला. थिएटरच्या जागी आता लग्नाचे कपडे मिळतात. म्हणून काय सिनेमा संपला? तो घरी आलाय. माझ्या घरी. दोनशे बारा हाय डेफिनिशन डिस्क, त्यातल्या निम्म्या माझ्या मुलीने फ्रान्समधून, मार्सेयहून पाठवलेल्या. इंटरनेटवरचा सिनेमा कधी गायब होईल नेम नाही. डिस्क कपाटात असते. भविष्य डिस्कचंच आहे.

दर रविवारी चार वाजता सिनेमा-मंडळ. अध्यक्ष मी.

त्याच दिवशी, संध्याकाळी.
बारा जण आले! शेजारून खुर्च्या आणाव्या लागल्या. शेडली पुढच्या सोफ्यावर. चाळीस वर्षांपासूनचा दोस्त, बंदरावरचा उचलपूल चालवायचा. त्याची मुलगी विदाद त्याला थेट सोफ्यापर्यंत सोडून गेली. मंडळाला केवढा मान!

रविवार, ९ ऑक्टोबर.
सात. हवा चांगली होती, लोक समुद्रावर गेले असणार.
सिनेमा कोरियन, खाली फ्रेंच अक्षरं. निम्मे पेंगले. शेडली ताठ बसून होता. शेवटी म्हणाला, छान होता, पण बोलतात फार. खरा रसिक.

बुधवार, १२ ऑक्टोबर.
मुंजियाची, म्हणजे बायकोची, मालिका टॅबलेटवरून अचानक नाहीशी झाली. मी तिला शांतपणे म्हणालो, डिस्क असती तर असं झालं नसतं. ती म्हणाली, डिस्क असती तर तू ती कुणाला हात लावू दिली नसतीस.
दहा मिनिटांत तिने दुसरी मालिका शोधली. तत्त्व मात्र माझंच बरोबर.

रविवार, १६ ऑक्टोबर.
तीन. त्यातला एक वायफायचा पासवर्ड विचारायला आलेला.

रविवार, २३ ऑक्टोबर.
शेडली एकटा. दर्जा टिकवायचा तर संख्या कमीच हवी. शेजाऱ्याच्या खुर्च्या परत केल्या. गुडघे दुखतात.
मी त्याला म्हणालो, काळा रंग किती खोल दिसतोय बघ. तो म्हणाला, हो भावा, काळा फार खोल आहे.
असं निरीक्षण आजकाल कोण करतं?

रविवार, ६ नोव्हेंबर.
मन फार खट्टू आहे.
सिनेमा लावून मी अंडं भरलेलं ब्रिक तळायला आत गेलो. अंडं फुटलं, दुसरं घेतलं. पंधरा मिनिटांनी बाहेर येतो तर पडदा कोरा. केबल सैल होऊन नुसता आवाज चालू. आणि शेडली समोर बसून मान डोलावतोय! मला म्हणाला, आज चित्र काय सुंदर आहे रे.
टोमणा. चाळीस वर्षांच्या दोस्ताने. मी ब्रिकची बशी त्याच्यासमोर आपटली. तो चाचपत चाचपत खाऊ लागला.

सोमवार, ७ नोव्हेंबर.
मासळीबाजारात विदाद भेटली. मी तक्रार केली, तुझ्या बाबांनी माझी थट्टा केली. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, तिजानीकाका, तुम्हाला खरंच माहीत नाही? बाबांना काचबिंदू आहे. वर्ष झालं, उजेड आणि सावली एवढंच कळतं.
मासे न घेताच घरी आलो. मुंजियाला सांगितलं. ती म्हणाली, मला पहिल्या रविवारीच कळलं होतं. तुला माहीत असेल असं वाटलं.
आठवून बघितलं. मला वाटतं, मलाही थोडी शंका होतीच.
नाही. नव्हती.

मंगळवार, ८ नोव्हेंबर.
संकल्प: शेडलीला सिनेमा मी दाखवणार. शब्दांत. एकतीस वर्षांचा अनुभव आहे, माझ्याइतकं नेमकं कोण सांगेल? सरावासाठी मुंजियाला खिडकीबाहेरचं दृश्य वर्णन करून सांगितलं. तिने दार लावून घेतलं.

रविवार, १३ नोव्हेंबर.
मी सुरुवात केली. आता ती जिना उतरतेय. निळा झगा. खरं तर निळसर करडा. मागे दिवा, दिव्यावर धूळ, धुळीचा कण न् कण दिसतोय...
वीस मिनिटांनी शेडली म्हणाला, तिजानी, ती अजून जिन्यातच आहे का?
मी सिनेमा थांबवला. विचारलं, मला सांगितलं का नाहीस? तो म्हणाला, आधी तुझ्याकडे बारा माणसं होती, एक आंधळा खपून गेला असता. मग उरलो मी एकटा. तुला कुठल्या तोंडाने सांगू, की तुझ्या सिनेमाला आता बघणाराच कुणी नाही?
मशीन बंद केलं. संध्याकाळपर्यंत पुलाच्या गोष्टी काढल्या. एकदा लग्नाचं वऱ्हाड एका काठावर आणि नवरा दुसऱ्या काठावर असताना त्याने पूल वर उचलला होता, जहाजाला वाट द्यायला. पाऊण तास. मी हे पहिल्यांदाच ऐकलं. चाळीस वर्षं आम्ही सिनेमाच बघत होतो.

रविवार, २० नोव्हेंबर.
मशीन डिस्क आत घेतं आणि परत बाहेर टाकतं. दुरुस्तीवाल्याने फोनवर विचारलं, काका, हे अजून कोण वापरतं? मी म्हणालो, जाणकार.
उद्या दुसरा दुरुस्तीवाला शोधायचा.

शुक्रवार, २५ नोव्हेंबर.
शोधला नाही. दमायला झालंय. मुंजियाने विचारलं, गरम कपड्यांना कपाटात जागा होईल का. म्हणालो, खालचा कप्पा घे. तिने तिन्ही घेतले. डिस्क पलंगाखाली. तात्पुरत्या.

बुधवार, ३० नोव्हेंबर.
वर्ल्ड कप. आपल्या देशाची मॅच फ्रान्सशी, चार वाजता. शेडलीचा फोन आला, चल कॅफेत. मी म्हणालो, तिथला टीव्ही जुनाट आहे, चित्र पुसट. तो म्हणाला, मला चालेल.

तुडुंब गर्दी. पार मागे, भिंतीला टेकून, समोरासमोर जागा मिळाली. वळून वळून मान अवघडली. मॅच त्याला मीच सांगणार असं ठरवलं. पण चष्मा घरी राहिला, आणि तेवढ्या लांबून मला चेंडूच दिसेना. कबूल कसं करणार? अंदाजाने सांगत सुटलो. आपला माणूस डावीकडून निघालाय... एकाला चकवलं... मारला... गोल!
सगळं कॅफे गप्प. दोन जणांनी मागे वळून बघितलं.
थोड्या वेळाने खरा गोल झाला. खुर्च्या उडाल्या, कुणीतरी माझ्या डोक्याचा मुका घेतला. त्या वेळी मी शेडलीला कॉर्नर चाललाय म्हणून सांगत होतो.
जिंकलो. आणि गटात गुण कमी पडले म्हणून स्पर्धेतून बाहेरही पडलो.

शेडली हसून हसून थकला होता. म्हणाला, भावा, गोल झाला तर मला ऐकू येतो. तू फक्त माझा चहा कुठे आहे तेवढं सांग.
उजवीकडे, मी म्हणालो.
माझ्या उजवीकडे होता. त्याच्या डावीकडे. चहात टाकलेल्या चिलगोज्यांसकट सगळा सांडला.
दुसरा मागवला. तो त्याच्या हातात दिला.