आधी कोणाची पापणी

१२ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस,

अ. उ. आ. भाचीला अशी हाक मारणं शोभत नाही, पण आज मी विद्यार्थी आहे.

इंग्रजीतल्या ‘ब्लिंक’चा अर्थ सविस्तर कळव. मला वाटायचं, मशीनवरचा लाल दिवा करतो तेच ब्लिंक. पण परवा फाटकाचं माप द्यायला आलेलं गिऱ्हाईक आम्हा दोघा भावांकडे बघून फोनवर हळूच म्हणालं, की यांच्यात आधी कोण ब्लिंक करतो ते बघू. कुणी हळू बोललं की मला जास्तच ऐकू येतं, हे तुला ठाऊक आहे.

झालं असं. आपल्या वर्कशॉपचा नियम तुला लहानपणापासून पाठ आहे. वेल्डिंगची कांडी लोखंडाला टेकवण्याआधी टेकवणाऱ्याने ‘डोळे!’ असं ओरडायचं, म्हणजे बाकीचे तोंड फिरवतात. नियम मीच केलेला. आणि हेच गिऱ्हाईक गेल्या आठवड्यात आलं, तेव्हा त्याला कारागिरी दाखवण्याच्या भरात मीच ओरडायला विसरलो. धाकटा समोर सळई धरून उभा. दुसऱ्या दिवशी त्याचे डोळे लालभडक; दोन दिवस पट्टी. मी माफी मागायची, तर सगळ्यांदेखत म्हणालो, की देवाने पापण्या दिल्यात, त्या मिटायला काय मुहूर्त लागतो? तेव्हापासून अबोला. एक तारखेपासून तो दुसऱ्या कारखान्यात जाणार आहे. जाऊ दे. मला काय!

तुझ्या आईला यातलं काही सांगू नकोस, ती माझा कान धरायला येईल. लोभ आहेच, अर्थ कळवलास तर आणखी वाढेल.

तुझा,
थोरला मामा

१७ ऑगस्ट

ती. थोरल्या मामांस,

शि. सा. न. वि. वि. वर्ग भरला आहे, मध्ये न बोलता ऐका.

ब्लिंक म्हणजे दोन्ही पापण्यांची आपोआप होणारी उघडझाप. मुद्दाम एकच डोळा मिटला तर ते विंक. ते गिऱ्हाइकापुढे करू नका, काम हातचं जाईल. दिवा लुकलुकला तरी ब्लिंक. रडू आवरायला माणूस पापण्या फडफडवतो, तेही ब्लिंकच. धडधडीत खोटं बोलणारा ब्लिंकसुद्धा करत नाही. आणि दोघे हट्टाला पेटले की जो आधी नमतो, त्याने ब्लिंक केलं म्हणतात. तुमचं गिऱ्हाईक याच अर्थाने बोललं.

आता तुमच्याबद्दल. पापणी कितीही चपळ असली तरी वेल्डिंगचा उजेड तिच्याआधी पोचतो, हे तुम्हीच मला शिकवलंत. म्हणजे सगळ्यांदेखत जे बोललात, ते ब्लिंक न करता बोललात. आणि डोळ्याला डोळा भिडवायची शर्यत तुम्ही लावावी? घरातल्या एकाही फोटोत तुमचे डोळे उघडे नाहीत!

‘मला काय’ लिहिताना पेन इतकं दाबलंय, की ते मागच्या बाजूला उमटलंय. एक तारीख दोन आठवड्यांवर आली. आईला मी काही सांगितलेलं नाही. धाकट्या मामांनी आधीच सांगितलंय.

तुमच्या लोभावर हक्क सांगणारी,
भाची

२९ ऑगस्ट

चि. मास्तरीणबाईंस,

अ. उ. आ. मी ब्लिंक केलं. सगळ्यांदेखत केलं, कारण चूकही तशीच केली होती. भाषण पाठ करून गेलो होतो. पहिल्याच वाक्याला ते विसरलो आणि चूक माझी होती, एवढंच कसंबसं निघालं. त्यात कुणीतरी ग्राइंडर बंद केला. नाहीतर निम्मं तरी त्या आवाजात बुडालं असतं.

धाकटा म्हणाला, की डोळ्यांचं त्याने केव्हाच सोडून दिलं होतं. तो निघाला होता तो वेगळ्याच कारणाने. वीस वर्षांत मी त्याला मुख्य जोड कधी करू दिला नाही, नेहमी नुसता धरायला उभा केला. राहायचं तर फाटकाचं काम त्याचं आणि मी त्याच्या हाताखाली, ही त्याची अट. मी हो म्हणालो. मनात म्हटलं, दोन दिवसांत येईल विचारायला.

दुसऱ्याच दिवशी त्याने माझ्या एका जोडावर हातोडी मारली आणि तो सुटला. मी फणकाऱ्याने विचारलं, की इतकी वर्षं माझे जोड बरे कधी सुटले नाहीत? तो शांतपणे म्हणाला, की मी जेवायला घरी गेलो की कच्चे जोड तो पुन्हा करून ठेवायचा.

कालपासून मी डबा आणतो. दुपारी तिथेच बसून त्याचं काम बघतो.

लोभ आहे तेवढा राहू दे, सध्या तेवढाच पेलेल.

तुझा, हाताखालचा,
थोरला मामा