पहिल्या पानावरचा दादा

प्रिय वहिनी,

एक नाही, दोन नाही, चार फोटो. पहिल्या पानावर दादा फीत कापतोय, आत हात जोडतोय, मागच्या पानावर हार घालून घेतोय, आणि चौथ्यात नुसताच उभा आहे. मी त्याची सख्खी बहीण, तरी पेपराच्या घड्या घालता घालता जांभया आवरेनात. तो मंत्री झाला, तू बंगल्यावर पाहुण्यांना चहा देत बसलीस आणि इथे तुझ्या पेपराचा लग्नाचा अल्बम झाला.

बाईने काढलेला पेपर म्हणून वाणी पुड्या बांधायलाही घेत नव्हता, आठवतं ना? तेव्हा छापायच्या आधी तू सगळा मजकूर मला वाचून दाखवायचीस. मला जांभई आली की तो बाद. चौथीत शाळा सुटलेल्या बाईला एवढा मान कोण देतं? तुझा तो कवी अजून माझ्याशी बोलत नाही. त्याच्या कवितेला मला चक्क झोप लागली होती.

आणि दादा पहिल्यांदा निवडून आला, तेव्हा त्याच्याच गल्लीतलं तुंबलेलं गटार तू छापलंस. दोन दिवस तो भिंतीकडे तोंड करून जेवला. मग स्वतः उभा राहून गटार उपसून घेतलं आणि ऐटीत विचारलं, आता हे छापशील ना? तू वाढता वाढता म्हणालीस, "ही बातमी नाही, हे काम आहे." आईला हसून हसून ठसका लागला होता.

आता मुद्द्याचं. दादाने फीत कापली त्या बाळंतिणींच्या दवाखान्यात मी सुनेला बघायला गेले. नळ चकचकीत, पाण्याचा टिपूस नाही. बायकांचे नवरे बादल्या घेऊन जिने चढतायत. हे मी सांगितलं, आपल्या उपसंपादकाने लिहिलं आणि मला वाचून दाखवलं. हातातली घडी हातातच राहिली, जांभईचं नाव नाही. छपाईचे खिळे जुळवून तयार आहेत. पण तो भित्रा म्हणतो, मंत्रीणबाईंचा होकार आल्याशिवाय छापणार नाही. मंत्रीणबाई कोण ते मला माहीत नाही. मी संपादकबाईंना विचारतेय. दादा चिडेल, दोन दिवस भिंतीकडे तोंड करून जेवेल, मग नळाला पाणी येईल. शुक्रवारी पेपर निघतो. बुधवारच्या आत 'छाप' नाहीतर 'छापू नको' कळव. स्वतः आलीस तर खुर्ची पुसून ठेवलीय. फक्त 'बघू' म्हणू नकोस, ते दादाचं उत्तर आहे.

आधी तुझीच, मग त्याची,
नणंद